आईबाबांसाठी छोटी गाडी घेताय? मग क्रम उलटा करू नका

दरवेळी तेच होतं. मुलगा नाहीतर मुलगी रात्री मोबाईल घेऊन बसते, चार गाड्या शॉर्टलिस्ट करते, व्हिडिओ बघते, मायलेज, स्क्रीन, सनरूफ सगळं तपासते, टेस्ट ड्राइव्हपण स्वतःच मारून येते, आणि ज्याला रोज ती गाडी चालवायचीय तो माणूस स्टिअरिंगवर पहिल्यांदा बसतो तो थेट डिलिव्हरीच्या दिवशी. सहा महिन्यांनी गाडी कव्हरखाली. मीपण हेच केलंय म्हणून सांगते. बाबांसाठी हौसेने घेतलेली गाडी इतकी खाली होती की उतरताना त्यांना दाराची चौकट धरून दोन झोके घ्यावे लागायचे, तिसऱ्या झोक्याला बाहेर. बोलले मात्र कधीच नाहीत. नुसतं "आज नको, जवळच तर आहे, चालत जातो" एवढंच.

तर क्रम असा ठेवा: आधी माणूस, मग दार आणि सीट, मग नजर, मग पेडल, मग रस्ता. फीचर आणि रंग सगळ्यात शेवटी. मॉडेलचं नाव तर पायरी २ पर्यंत डोक्यातसुद्धा आणू नका.

पायरी १: घरीच बसून करायची तयारी

सगळ्यात आधी एक नको असलेला प्रश्न. ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकणं, थोडक्यात वाचलो असे प्रसंग वारंवार, गाडीवर नवे नवे ओरखडे, असं काही चाललंय का? असेल तर आधी डॉक्टर, आणि जमलं तर ड्रायव्हिंगची तपासणी करणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट. नवी गाडी हा त्यावरचा उपाय नाही, कितीही कॅमेरे लावलेली असली तरी.

ते ठीक असेल तर खुर्चीचा प्रयोग करा. घरातल्या वेगवेगळ्या उंचीच्या खुर्च्यांवर त्यांना बसवा, स्टूल, सोफा, डायनिंगची खुर्ची, आणि हात न टेकता कुठून उठता येतं ते बघा. त्या खुर्चीची जमिनीपासून बैठकीपर्यंतची उंची टेपने मोजा, बसल्यावर गादी दबते ते धरून. बाबांचा आकडा निघाला ५२ सेंटीमीटर. आधीच्या गाडीची सीट मोजली तर ४४. हे आठ सेंटीमीटर मी आधी मोजले असते तर पुढचं रामायण झालंच नसतं.

मग मान. खुर्चीवर ताठ बसवून, खांदे न हलवता, डावीकडे आणि उजवीकडे मान किती वळते ते बघा. हनुवटी खांद्याच्या जवळपासही जात नसेल तर तुम्हाला मोठे आरसे आणि मागच्या मोठ्या काचेची गाडी लागणार, हे आत्ताच लिहून ठेवा. पायांचं पण विचारा, विशेषतः डायबेटिस असेल तर. तळव्यांना बधिरपणा असेल तर पेडल किती दाबलं गेलंय ते कळत नाही, आणि ही गोष्ट माणूस आपणहून सांगत नाही, विचारावीच लागते.

डोळ्यांची तपासणी ताजी असू दे. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर ते उरकून, नवा चष्मा येऊन, मगच गाडी बघायला जा. नाहीतर आज जो डॅशबोर्ड दिसत नाही म्हणून नाकाराल तो दोन महिन्यांनी स्वच्छ दिसेल. औषधांपैकी झोप आणणारं काही आहे का तेही डॉक्टरांना विचारून घ्या.

शेवटी गेल्या महिन्यातल्या फेऱ्या कागदावर लिहा. खरोखर झालेल्या, मनातल्या नव्हे. "आम्ही सगळे मिळून लांबच्या ट्रिपला जाऊ" वगैरे वर्षातून एकदा होतं, आणि त्या एका दिवसासाठी लोक मोठी गाडी घेऊन बाकीचे ३६४ दिवस पार्किंगमधे घाम गाळतात. पार्किंगची जागा मोजा. ब्रोशरमधे दिलेली रुंदी बऱ्याचदा आरसे सोडून असते, त्यामुळे आरशांसकट मोजायचं आणि वर दार नीट उघडायची जागा धरायची. म्हाताऱ्या माणसाला फटीतून अंग चोरून उतरता येत नाही.

चेक: कागदावर चार गोष्टी हव्यात: सीटच्या उंचीचा आकडा, मान-पाय-डोळ्यांची यादी, फेऱ्यांची यादी, पार्किंगची मापं. हे नसेल तर शोरूमला जाऊ नका, तिथे गेल्यावर डोकं चालत नाही.

पायरी २: इंजिन बंद, नुसतं बसा आणि उतरा

बरोबर घ्यायचं सामान: टेप, रोजचा चष्मा, रोजच वापरतात ती चप्पल नाहीतर बूट (नवे कोरे नाहीत), काठी किंवा वॉकर असेल तर तो. आणि हो, त्यांना स्वतःला घ्यायचं. हे लिहावं लागतंय यातच सगळं आलं.

गाडी सपाट जागेवर उभी असू दे. आता बसायची पद्धत: आधी पाठ सीटकडे करून सीटच्या कडेवर बसायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत वळवायचे. एक पाय आत टाकून मग अंग ओढत घ्यायची सवय गुडघ्याला आणि कमरेला त्रास देते. या पद्धतीने पाच वेळा बसा-उतरा करायला लावा. एकदा नाही, पाच वेळा, कारण पहिल्यांदा सगळेच हुशारीने उतरतात, सेल्समन बघत असतो ना. चौथ्या-पाचव्या वेळेला हात कुठे जातो ते बघा. स्टिअरिंग ओढून उठत असतील किंवा दाराच्या वरच्या कडेला लोंबकळत असतील तर ती गाडी यादीतून गेली.

बघता बघता हेही बघून घ्या. दाराखालचा उंबरठा किती रुंद आणि किती उंच आहे, कारण सीट बरोबर उंचीवर असूनही उंबरठा रुंद असला की पाय लांब टाकावा लागतो. छताची कड डोक्याला लागते का. दार अर्ध्यावर थांबतं का की वाऱ्याने परत अंगावर येतं. पुढे दोनच दारं असलेल्या गाडीचं दार लांब आणि जड असतं, अरुंद जागेत ते पूर्ण उघडतच नाही, त्यामुळे चार दारांचीच गाडी बघा. छताजवळचं पकडायचं हँडल ड्रायव्हरच्या बाजूला बऱ्याच गाड्यांत नसतंच, बाकी तिघांना असतं, ही गंमत मला आजतागायत कळलेली नाही.

सीटच्या दोन्ही कडांना उंच फुगवटे असलेली स्पोर्टी सीट टाळा, त्यावरून घसरून बाहेर येता येत नाही. कापडाच्या सीटवर कपडे अडकतात, लेदरसारख्या कव्हरवर वळणं सोपं जातं, पण ते उन्हात तापतं. गोल फिरणारी उशी काहीजण सुचवतात. बसता-उतरताना ठीक आहे, पण गाडी चालवताना ती बुडाखाली ठेवायची नाही. जोरात ब्रेक लागला की माणूस बेल्टखालून पुढे घसरू शकतो.

उलटी चूकपण होते बरं का. खाली नको म्हणून लोक एकदम उंच एसयूव्हीवर उडी मारतात, आणि मग चढायला पायरी लागते. सीटची कड मांडीच्या मधोमध आली तर टेकता येतं आणि उठताही येतं. कमरेच्या वर गेली तर ती पण चुकीचीच.

चेक: शेजारच्या सीटवर जी व्यक्ती बसणार तिनेही हेच पाच वेळा करायचं. आई आयुष्यभर शेजारी बसते आणि गाडी घेताना तिला कोणी विचारत नाही.

पायरी ३: बसायची पोझिशन लावा

इथे घाई करू नका, वीस मिनिटं द्या.

आधी सीट मागेपुढे. ब्रेक पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेलाच राहिला पाहिजे. मग उंची. स्टिअरिंगच्या वरच्या कडेच्या निदान ८ सेंटीमीटर वरून रस्ता दिसला पाहिजे, स्टिअरिंगच्या चाकातून डोकावून नव्हे. उंची कमी असलेल्या बायकांची नेहमी इथे पंचाईत होते: नजर वर आणायची म्हणून सीट पुढे-पुढे ओढत नेतात आणि छाती एअरबॅगला चिकटते. छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मधल्या भागापर्यंत निदान २५ सेंटीमीटर हवेत, टेपने मोजा. त्यामुळे सीट वर-खाली होणं ही लक्झरी नाही. स्टिअरिंगही नुसतं वर-खाली न होता पुढे-मागे सरकत असेल तर फार बरं, पण स्वस्त छोट्या गाड्यांमधे हेच पहिलं कापतात.

हेडरेस्टचं टोक डोक्याच्या टोकाच्या आसपास आणि डोक्याच्या जवळ हवं. मानेखाली टेकलेलं हेडरेस्ट मागून धडक बसली की मदतीपेक्षा त्रासच जास्त देतं. बेल्ट खांद्याच्या मधून आणि खाली ओटीपोटाच्या हाडावरून गेला पाहिजे, गळ्यावरून नाही आणि पोटावरूनही नाही. खांद्याकडचं बेल्टचं टोक वर-खाली होतं का बघा. वय झालं की बरगड्या बेल्टच्या दाबानेच मोडू शकतात, म्हणून धडकेत आधी आवळणारे आणि ठराविक जोरानंतर थोडे सैल सोडणारे बेल्ट पुढच्या दोन्ही सीटना आहेत का हे विचाराच. सनरूफबद्दल तासभर बोलणारा सेल्समन इथे गप्प होतो, मग त्याला फाईल उघडायला लावायची.

पायरी ४: डोळे आणि कान

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळट होतं. त्यामुळे तुम्हाला "मस्त" दिसणारा करड्यावर करडा डॅशबोर्ड त्यांना दिसतच नसतो. मोठे आकडे, गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं, आणि ब्राइटनेस कमी-जास्त करायची सोय बघा.

प्रोग्रेसिव्ह चष्मा, म्हणजे एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर, असेल तर आणखी एक भानगड. काचेचा खालचा भाग पुस्तकाच्या अंतरासाठी असतो आणि डॅशबोर्ड असतो त्याहून लांब, म्हणून स्पीड बघायला माणूस मान वर-खाली, तिरकी करत बसतो. बाबांना असं करताना मी वर्षभर बघत होते आणि मला वाटायचं मान आखडलीय. पोलराइज्ड (चकाकी कापणारा) गॉगल वापरत असतील तर तो घालून स्क्रीन बघा, काही स्क्रीन त्यातून चक्क काळ्या दिसतात.

मग खांब. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंचे खांब आता इतके जाड असतात की त्यामागे अख्खा माणूस लपतो. तुम्ही बाहेर उतरा, गाडीपुढून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हळूहळू चाला, आणि आतून त्यांना "दिसतोय, गेला, दिसतोय" म्हणायला सांगा. हेच मागून पण करा. दोन गाड्यांत हा प्रयोग केलात की कुठली घ्यायची ते निम्मं तिथेच ठरतं.

कानांचं कोणी तपासतच नाही. वय झाल्यावर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, आणि पार्किंग सेन्सरची टूंटूं नेमकी त्यातलीच असू शकते. तुम्हाला ऐकू आली म्हणजे झालं असं नाही. पंखा चालू, खिडकी अर्धी उघडी ठेवून त्यांना विचारा. आवाज वाढवता येतो का बघा, आणि नसेल तर स्क्रीनवर रंगाच्या पट्ट्या दिसणारा सेन्सर निवडा.

पायरी ५: गिअर आणि पेडल

सगळ्यात जास्त चुका इथे, म्हणून जरा लांबण लावते.

"वय झालंय, ऑटोमॅटिक घ्या" असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा बरोबरही आहे, गुडघेदुखीला क्लच म्हणजे शिक्षा. पण ज्याने चाळीस वर्षं क्लच दाबलाय त्याचा डावा पाय घाबरल्यावर क्लचच शोधतो, आणि ऑटोमॅटिकमधे तिथे रुंद ब्रेक असतो. गाडी जागच्या जागी आदळून थांबते, मागचा येऊन धडकतो. त्यामुळे गुडघे ठीक असतील, मॅन्युअल हातात बसलेली असेल, तर हलक्या क्लचची छोटी मॅन्युअल हाही चांगला पर्याय आहे. उगाच बदलू नका.

ऑटोमॅटिक घ्यायचीच तर कुठली, हे विचारा. एएमटी म्हणजे आत मॅन्युअलच गिअरबॉक्स, फक्त क्लच मशीन दाबतं. स्वस्त असते, पण गिअर बदलताना डोकं पुढे डुलतं आणि काही गाड्या चढावर ब्रेक सोडला की मागे सरकतात. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर हे ऑटोमॅटिकचे दुसरे दोन प्रकार, ते मऊ चालतात. माझ्या मते म्हाताऱ्या माणसासाठी खरी कसोटी एकच: ब्रेकवरचा पाय हळूच उचलला की गाडी आपोआप, गोगलगायीसारखी, एकसारखी पुढे सरकते का? अशी सरकत असेल तर पार्किंग सगळं फक्त ब्रेकवर होतं, अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचं कामच पडत नाही. ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला जाण्याचे प्रकार पार्किंगमधे फार होतात, आणि पायच तिकडे गेला नाही तर चूक होणार कुठून.

जपानने तर या चुकीसाठी नियमच केलाय, सप्टेंबर २०२८ पासून तिथल्या नव्या ऑटोमॅटिक गाड्यांत पुढे अडथळा असताना चुकून दाबलेला अ‍ॅक्सिलरेटर रोखणारी यंत्रणा सक्तीची होतेय. तुमच्याकडे मिळणाऱ्या एखाद्या गाडीत ती असेल तर इतर चार फीचर सोडून ती घ्या.

काही इलेक्ट्रिक गाड्यांत एकाच पेडलवर चालवायचा मोड असतो, पाय उचलला की गाडी थांबते. तरुणांना आवडतो. वयस्कर माणसासाठी तो बंदच ठेवा, ब्रेकवर जायची पायाची सवय मोडता कामा नये.

आता प्रयोग. इंजिन बंद. त्यांना डोळे मिटायला सांगा आणि तुम्ही "ब्रेक", "पुढे", "ब्रेक" असं वेडंवाकडं दहा वेळा म्हणा. टाच ब्रेकच्या रेषेत जमिनीवर टेकलेली राहून नुसता पंजा फिरला पाहिजे. पाय दरवेळी उचलावा लागतोय, बूट अडकतोय किंवा दोनदा चुकीचं पेडल सापडलं, तर त्या गाडीच्या पेडलची जागा त्यांना जमत नाहीये. छोट्या गाड्यांत चाकाच्या फुगवट्यामुळे पेडल कधी कधी एका बाजूला सरकलेले असतात, कंबर वाकडी करून बसावं लागतं, तेही इथेच कळतं.

सावधान: आधीच्या गाडीत इंडिकेटरची दांडी कुठल्या बाजूला होती ते बघा. नव्या गाडीत उलट्या बाजूला असेल तर पुढचे दोन महिने प्रत्येक वळणाला वायपर चालू होणार. हसू येतं, पण चौकात ते हसण्यासारखं नसतं.

पायरी ६: टेस्ट ड्राइव्ह त्यांची, तुम्ही मागे बसा

शोरूमचा ठरलेला गुळगुळीत रस्ता नको, पायरी १ मधल्या यादीतला रस्ता सांगा. निदान पाऊण तास. त्यात एक चढ हवा जिथे थांबून परत निघायचंय, एक यू टर्न, खराब रस्ता, आणि दोनदा रिव्हर्स पार्किंग. टर्निंगच्या आकड्यात फसू नका, काही ठिकाणी वर्तुळाची त्रिज्या देतात आणि काही ठिकाणी पूर्ण व्यास, ५ मीटर आणि १० मीटर हे एकच असू शकतं.

तुम्ही बोलायचं नाही. खरंच. "आता गिअर, आता आरसा" सुरू केलंत की ते तुमच्या आवाजावर गाडी चालवतात आणि काहीच कळत नाही.

जमलं तर दुसरी फेरी संध्याकाळी, अंधार पडताना घ्या. समोरच्या दिव्यांनी डोळे दिपल्यावर सावरायला वयानुसार जास्त वेळ लागतो, आणि आतल्या स्क्रीनचा उजेडही त्रास देतो. रात्री नीट दिसलं नाही तर दिवसाच चालवायचं, हेही त्याच वेळी ठरवून टाकता येतं.

मोठी चाकं दिसायला छान, पण त्यांवर रबर पातळ असतं आणि खड्डा थेट मणक्यात येतो. टॉप मॉडेलपेक्षा खालच्या मॉडेलची लहान रिम कित्येकदा जास्त आरामाची असते. पैसेही वाचतात.

पायरी ७: फीचरची कात्री

घ्या: मागचा कॅमेरा, आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, शेजारच्या लेनमधली गाडी दाखवणारा आरशातला दिवा, चढावर धरून ठेवणारा हिल होल्ड (तो काही सेकंदच धरतो हे त्यांना सांगा), टायरचं प्रेशर दाखवणारा दिवा.

एसी, आवाज, काचेवरचं धुकं घालवणं आणि वायपर यांना खरी बटणं हवीत, हातमोजे घालून किंवा न बघता सापडतील अशी. स्क्रीनमधे तीन वेळा टोचून एसी कमी करायचा म्हणजे तेवढा वेळ रस्त्यावर डोळे नाहीत. युरोपच्या क्रॅश टेस्टवाल्या युरो एनकॅपनेही २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा मोजक्या कामांना खरी बटणं-दांड्या असण्याला गुण द्यायला सुरुवात केलीय.

बटण दाबून स्टार्ट होणारी गाडी घेतलीत तर एक धोका लक्षात ठेवा. चावी खिशात, इंजिन शांत, माणूस उतरून घरात, आणि बंद गॅरेजमधे गाडी चालूच. विषारी वायूने जीव गेलेत असे. ठराविक वेळाने इंजिन आपोआप बंद होतं का ते विचारा, नाहीतर सरळ चावीची गाडी घ्या.

पायरी ८: इंजिन, डिकी, स्टेपनी

हे पटकन. रोज तीन-चार किलोमीटरच्याच फेऱ्या असतील तर डिझेल नको, त्यातला काजळीचा फिल्टर गरमच होत नाही आणि चोक होतो. पेट्रोल किंवा हायब्रिड ठीक. इलेक्ट्रिक अशा फेऱ्यांना उत्तम, पण चार्जिंगची केबल त्यांच्या हातात देऊन लावून-काढून घ्या, ती जड असते आणि कधी वाकावं लागतं.

डिकीचा उंबरठा जितका खाली तितकं बरं. वॉकर किंवा व्हीलचेअर प्रत्यक्ष टाकून बघा, लिटरचा आकडा वाचून नाही. डिकीचं दार उघडल्यावर हात पोचतो का? नसेल पोचत तर पट्टा लावून घ्या. स्टेपनी आहे की नुसतं पंक्चरचं किट, हे विचारा, आणि काहीही असलं तरी रस्त्यावर मदतीला येणारी सेवा आधीच घेऊन ठेवा, सत्तरीत कोणी चाक बदलत बसत नाही.

पायरी ९: गाडी आल्यावरचे पहिले दोन आठवडे

डिलिव्हरीच्या दिवशी गर्दीतून घरी आणायचं काम त्यांच्यावर टाकू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळ्या मैदानात न्या. मॅन्युअलवरून ऑटोमॅटिकवर येत असतील तर डावा पाय सीटकडे मागे ओढून ठेवायची सवय लावा, आणि गाडी हळू पुढे नेऊन तुमच्या "थांबा" वर जोरात ब्रेक मारायला लावा, दहा-बारा वेळा. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागला की पेडल पायाखाली थरथरतं, ते आधी माहीत नसेल तर माणूस घाबरून पाय उचलतो. उचलायचा नाही, दाबूनच ठेवायचा.

मग ओळखीचा एकच रस्ता, आठवडाभर, दिवसाउजेडी. फोन जोडणं, स्टेशन लावणं, आरशांची सेटिंग हे तुम्ही करून द्या आणि नको ते इशारे बंद करा. रोजची तीन बटणं कुठली ते मोठ्या अक्षरात कार्डावर लिहून सनशेडला लावा.

बाबांच्या दुसऱ्या गाडीला असं कार्ड आम्ही लावलं होतं. तीन आठवड्यांनी त्यांनी ते काढून माझ्या हातात दिलं, मागच्या बाजूला पेन्सिलने लिहिलेलं: "वायपरची दांडी डावीकडे. पाठ झालं."